उताऱ्यातला म्हातारा

बोर्डाच्या इंग्रजीच्या उताऱ्यात जो म्हातारा असतो, त्याला कधीही गुडघेदुखी नसते. मोतीबिंदू नसतो, पेन्शनचा कागद कुठे अडकलेला नसतो, सुनेशी पटत नाही अशातलाही भाग नसतो. तो गावाबाहेरच्या झाडाखाली सकाळपासून बसलेला असतो आणि रस्त्याने जाणाऱ्या तरुणाला थांबवून आयुष्याचं रहस्य सांगतो. तरुणही इतका गुणी की थांबतो. त्याला एसटी गाठायची नसते, त्याचा फोन वाजत नाही. रहस्य ऐकून त्याचे डोळे उघडतात, तो म्हाताऱ्याच्या पाया पडतो आणि उतारा संपतो. लगेच खाली प्रश्न : म्हातारा कुठे बसला होता?

या मुलखात गेल्या वर्षी मी बराच मुक्काम केला. मुलूख सुंदर आहे. इथे गरीब मुलाला रस्त्यात पाकीट सापडतं आणि तो ते परत करतो. श्रीमंत मुलांना बिचाऱ्यांना कधी काही सापडतच नाही. इथला राजा वेष पालटून फिरतो आणि तरी कोणाला ओळखू येत नाही. एडिसन दिवे लावण्यापेक्षा अपयश पचवण्यात जास्त गुंतलेला असतो. कलामसाहेब रामेश्वरमच्या गल्ल्यांतून अजूनही पेपर टाकतायत आणि हेलन केलरच्या हातावर पंपाचं पाणी धो धो पडतंच आहे, इतक्या वर्षांत कुणी तो बंद केलेला नाही. झाडं, पाणी, वाचन, हसणं आणि सकाळी लवकर उठणं या पाच गोष्टींचे इथे अखंड फायदे होत असतात. तोटे फक्त मोबाइलचे.

मी तिथे गेलो तो भाच्यापायी. भाचा दहावीला, माध्यम मराठी, गाव तालुक्याचं. आमच्या घराण्यात मी इंग्रजीचा जाणकार समजला जातो, कारण मी पुण्यात नोकरी करतो आणि माझ्या पगाराची स्लिप इंग्रजीत येते. पूर्वपरीक्षेत भाच्याला इंग्रजीत जेमतेम मार्क पडल्यावर ताईचा फोन आला, “बाकीचं सगळं सर बघतायत. तू फक्त त्याचे उतारे बघ.” ‘उतारे बघ’ हे तिने ‘गाडीचं ऑइल बघ’ अशा सुरात सांगितलं.

बघितलं, तर प्रकरण साधं नव्हतं. मराठी माध्यमाच्या मुलांचा इंग्रजीचा पेपर ऐंशी गुणांचा. तोंडी परीक्षेचे वीस वेगळे. या ऐंशीत ‘माय इंग्लिश कोर्सबुक’मधले दोन उतारे, दहा-दहा गुणांचे. पुस्तकाबाहेरचा एक, तोही दहाचा. शिवाय बाहेरच्याचा सारांश, त्याचे पाच. बेरीज केली तर पस्तीस होते. पास व्हायला किती लागतात हे महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. नुसत्या उताऱ्यांवर एक पिढी तरून जाईल इतका ऐवज बोर्डाने तिथे मांडून ठेवला आहे. आणि आता प्रश्नपत्रिकेला प्रश्नपत्रिका म्हणत नाहीत. ती कृतिपत्रिका. प्रश्नांना कृती म्हणतात. आमच्या वेळी आम्ही प्रश्न सोडवत असू, ही मुलं कृती करतात. हात मात्र पेनवालाच दुखतो.

प्रत्येक उताऱ्याखाली ए-वन ते ए-फाइव्ह अशा पाच कृती. पहिली सोपी, माहिती विचारणारी. दुसरी अवघड, तीही माहितीच विचारणारी, पण उत्तर दोन ओळींत फुटलेलं असतं म्हणून अवघड. तिसरी शब्दांची. चौथी व्याकरणाची. आणि पाचवी म्हणजे तुमचं मत. या पाचवीबद्दल मला पुढे बरंच बोलायचं आहे.

भाच्याच्या क्लासचे सर माणूस म्हणून अत्यंत सज्जन. पहाटे साडेसहाची बॅच घेतात, थंडीत कानटोपी घालून. मुलं पास व्हावीत यासाठी त्यांनी आयुष्य वेचलं आहे आणि मुलं पास होतातही. त्यांची पद्धत भाच्याने मला पहिल्याच दिवशी समजावून सांगितली. मी पेन्सिल घेऊन उतारा वाचायला बसलो, तर तो दचकला.

“मामा, तू उतारा काय वाचतोयस?”

“मग काय करायचं?”

“उतारा नाही वाचायचा. वेळ जातो. आधी प्रश्न वाचायचे.”

पद्धत अशी. प्रश्न वाचायचा. त्यातला मोठ्यातला मोठा शब्द हेरायचा. तो शब्द उताऱ्यात कुठे आहे ते बोट फिरवत शोधायचं. सापडला की त्याच्या अलीकडच्या पूर्णविरामापासून पलीकडच्या पूर्णविरामापर्यंत सगळं उतरवून काढायचं. प्रश्न ‘व्हाय’ने सुरू झाला तर ‘बिकॉज’ शोधायचं. ‘बिकॉज’ नसलं तर ‘अ‍ॅज’. तेही नसलं तर ‘सो’ गाठायचा आणि त्याच्या अलीकडचं लिहायचं. ‘व्हेन’ला आकडा शोधायचा, ‘व्हू’ला कॅपिटल अक्षर. चूक की बरोबर विचारलं असेल आणि विधानात ‘ऑल’, ‘नेव्हर’, ‘ऑलवेज’ असलं काही असेल तर डोळे मिटून ‘फॉल्स’. आणि सर्वांत शेवटचा, सरांनी फळ्यावर चौकटीत लिहून दिलेला नियम : काहीही रिकामं सोडायचं नाही. समजलं नाही तरी लिहायचं. रिकाम्या जागेला शून्य, भरलेल्या जागेला तपासणाऱ्याची दया.

पहिल्यांदा मला हे हसण्यावारी न्यावंसं वाटलं. रात्री अंथरुणात पडल्यावर मी ती पद्धत मराठीत करून बघितली. समजा, असा उतारा आला :

भल्या सकाळी एका टिंबुराने तीन लवंदे गुरमळले, कारण त्याला झोंबाळ आली होती. ते पाहून चिंगट खिसमुसला आणि त्याने उरलेले लवंदे खुंबाळात दडवले.

टिंबुराने किती लवंदे गुरमळले? तीन. का गुरमळले? त्याला झोंबाळ आली होती म्हणून. उरलेल्या लवंद्यांचं काय झालं? चिंगटाने ते खुंबाळात दडवले. टिंबुराने लवंदे संध्याकाळी गुरमळले, चूक की बरोबर? चूक, सरळ चूक, भल्या सकाळी गुरमळले. चिंगटाच्या मनःस्थितीचं वर्णन करणारा शब्द उताऱ्यातून शोधा. खिसमुसला. आठपैकी आठ! टिंबूर हा प्राणी आहे की तालुका पातळीवरचा अधिकारी, हे मला अजून ठाऊक नाही. लवंदे गुरमळणं कायद्यात बसतं की नाही याचाही अंदाज नाही. पण दहापैकी आठ माझे कुणी काढून घेऊ शकत नाही. राहिले दोन. तेही गेले नसते, कारण पाचवी कृती अशी असणार : तुम्हाला झोंबाळ आली तर तुम्ही काय कराल? याचं उत्तर भाच्याकडे तयार आहे. ‘मला झोंबाळ आल्यास मी आईवडिलांचा आणि शिक्षकांचा सल्ला घेईन.’

सरांविषयीचा माझा आदर त्या रात्री दुणावला. मुलांना इंग्रजी येत नाही, हे गृहीत धरून त्यांनी इंग्रजीवाचून चालणारं यंत्र तयार केलं होतं.

याची पुढची पायरी म्हणजे उताऱ्यांचा संग्रह. बाहेरचा उतारा कधी न वाचलेला असावा अशी बोर्डाची अपेक्षा. त्यावर बाजारात तोडगा असा की असे न वाचलेले उतारे जाड पुस्तकात उत्तरांसह छापायचे आणि मुलांनी ते जूनपासून वाचून ठेवायचे. भाच्याकडे असं एक पुस्तक होतं. त्यातले कुठले ‘येतील’ याच्या खुणा वर्गातल्या हुशार मुलीने करून दिल्या होत्या. एका तारांकित उताऱ्याला तिने दोन चांदण्या दिल्या होत्या, तो बांबूवर होता. बांबू पाच वर्षं जमिनीखाली मुळं वाढवतो आणि मग एकदम उंच जातो, म्हणून धीर धरावा, असा मजकूर. आमच्या मागच्या परसात बांबूचं बेट आहे. ते कुणाचीही वाट न बघता दर पावसाळ्यात कौलांत घुसतं. भाच्याला हे दिसत होतं, पण तो बांबू अभ्यासक्रमाबाहेरचा.

एका संध्याकाळी आम्ही हाचिकोचा उतारा घेतला. हाचिको म्हणजे तो जपानी कुत्रा. टोकियोच्या शिबुया स्टेशनवर तो रोज संध्याकाळी आपल्या प्रोफेसर मालकाची वाट बघायचा. १९२५च्या मे महिन्यात मालक विद्यापीठातच वारला, तो घरी आलाच नाही, आणि कुत्रा पुढे जवळजवळ दहा वर्षं, १९३५ साली स्वतः मरेपर्यंत, त्या स्टेशनावर येत राहिला. भाचा ओसरीवर बसून मोठ्याने प्रश्न वाचत होता आणि बोटाने उतारा चाळत होता. स्टेशनचं नाव? शिबुया. कुत्र्याची जात? अकिता. मालकाचा व्यवसाय? प्रोफेसर. सटासट. वेब नावाच्या आकृतीची चार वर्तुळं भरली. पाच मिनिटांत काम फत्ते, सगळं बरोबर.

शेजारी आई, म्हणजे भाच्याची आजी, शेंगा फोडत बसली होती. आई जुनी सातवी पास. तिच्या शाळेत सातवीपर्यंत इंग्रजी नव्हतं, आणि त्यानंतर तिला शाळा नव्हती. तिने विचारलं, “कशाबद्दल होतं रे?”

“कुत्र्याबद्दल, आजी. स्टेशनवर वाट बघतो.”

“कुणाची?”

“मालकाची.”

“मग आला का मालक?”

भाचा थांबला. त्याने प्रश्नांवरून पुन्हा एकदा नजर फिरवली, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

“ते विचारलेलं नाही, आजी.”

“अरे, पण आला का नाही?”

“अगं, विचारलंच नाहीये ते. मार्क नाहीत त्याला.”

आईने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. मग मला उतारा मराठीत सांगावा लागला. मालक वारला हे ऐकल्यावर तिने पदर डोळ्याला लावला, आणि मग प्रश्न विचारायला लागली. कुत्र्याला कुणी सांगितलं नाही का? दहा वर्षं त्याला खायला कोण घालत होतं? त्या प्रोफेसराला बायको होती का? होती तर ती कुत्र्याला घरी का घेऊन गेली नाही? स्टेशनमास्तर हाकलत नव्हता? त्यांच्याकडे थंडी किती पडते? बोर्डाच्या भाषेत या सगळ्या अवघड वर्गातल्या कृती होत्या आणि एकाचंही उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर नव्हतं. भाचा अस्वस्थ झाला. उतारा सुटला होता, त्यावर बरोबरची खूण झाली होती, आणि ही बाई तो पुन्हा उकरून काढत होती. त्या रात्री गल्लीतल्या कुत्र्याच्या वाट्याला नेहमीपेक्षा मोठी भाकरी आली. पुढचे काही दिवस मी पुण्याहून फोन केला की आई विचारायची, “त्या कुत्र्याचं अजून काही कळलं का?” १९३५ साली मेलेल्या कुत्र्याची अशी चौकशी चालू होती आणि ज्याने त्याच्यावर पैकीच्या पैकी मिळवले तो वरच्या मजल्यावर पाणी बचतीच्या उताऱ्यात ‘बिकॉज’ शोधत होता.

हे आजचंच आहे असं मात्र कुणी समजू नये. १८५९ साली मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक झाली, तीत रानडे आणि भांडारकर उत्तीर्ण झाले. पुढे एक न्यायमूर्ती झाला, दुसरा डॉक्टर, दोघांनी मिळून या प्रांताला विचार करायला लावला. पण तो अपवाद. त्यानंतरची शंभर वर्षं मराठी घरांत मॅट्रिक ही एक परीक्षा नव्हती, जात होती. मॅट्रिक पास आणि नॉन-मॅट्रिक या दोन जातींत रोटीव्यवहार होता, बेटीव्यवहाराला अडचण पडे. आणि नॉन-मॅट्रिक माणसाला कारण विचारलं तर दहातले निम्मे तरी सांगत, “सगळं निघालं होतं, इंग्रजी राहिलं.” तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरोघर असायची आणि तिच्यावर धूळही घरोघर असायची. १९७५ साली अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली. आमची पिढी पाचवीत ए-बी-सी-डी शिकली आणि सहा वर्षांत परीक्षेला उभी राहिली. २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. म्हणजे भाच्याला माझ्यापेक्षा चार वर्षं जास्त मिळाली. तरी आम्ही दोघं उताऱ्यापुढे शेजारी बसलो तर बोट एकाच चालीने फिरतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याचं जरा वेगाने फिरतं, एवढाच चार जादा वर्षांचा फरक.

व्याकरणाच्या कृतीत तर उताऱ्याची शोभाच होते. उताऱ्यात आई हरवलेल्या मुलाला पाहते आणि धावत जाऊन मिठी मारते. इथे कोणाही माणसाने क्षणभर थांबावं. खाली हुकूम असतो : वाक्य ‘नो सूनर’ने सुरू करा. आईचं धावणं बाजूला ठेवून आम्ही ‘दॅन’ कुठे टाकायचा यावर डोकं फोडतो. पुढच्या वाक्याचा प्रयोग बदलायचा असतो, मग मुलाला आईकडून मिठी मारली जाते. शहीद जवानाच्या उताऱ्यात ‘टू’ काढून वाक्य पुन्हा लिहायचं होतं. जवान इतका जखमी होता की तो चालू शकत नव्हता, असं भाच्याने अचूक लिहिलं आणि विचारलं, “मामा, हा एक मार्काला ना?”

सारांशाची तऱ्हा वेगळी. मूळ उताऱ्याच्या एकतृतीयांश. सरांची युक्ती : विशेषणं गाळा, उदाहरणं गाळा, अवतरणचिन्हातलं सगळं गाळा, उरेल त्यातलं प्रत्येक दुसरं वाक्य घ्या. भाच्याने हे तंत्र एवढं आत्मसात केलं की एका सारांशात उताऱ्याचा नायकच गळाला. वादळ आलं, होडी उलटली, सगळे वाचले. ज्याने वाचवलं तो कोळी विशेषणांबरोबर वाहून गेला. वर शीर्षक द्यायचं असतं. भाच्याकडे तीन शीर्षकं आहेत, प्रामाणिकपणा, जिद्द आणि पर्यावरण. या तिन्हींत मावणार नाही असा उतारा बोर्डाने अजून काढायचा आहे.

सगळ्यात अवघड उतारा कुठला म्हणाल, तर पेपरच्या डोक्यावरच्या सूचनांचा. उत्तर पूर्ण वाक्यात हवं, एका शब्दाला पूर्ण गुण नाहीत. पर्यायाचा नुसता क्रमांक चालणार नाही. वेब, तक्ते, चौकटी जशा दिल्यात तशाच काढून भरा. रंगीत पेनं-पेन्सिली नकोत. एकाच कृतीला अनेक उत्तरं दिली तर चूक धरली जातील. हे इतकं महत्त्वाचं की त्यावर मार्क अवलंबून, आणि नेमकं हेच कुणी वाचत नाही, कारण त्याच्या खाली प्रश्न नसतात. अनेक उत्तरांची बंदी मला तर क्रूर वाटते. ‘तसंही आहे आणि असंही आहे’ हे ऐकत वाढलेलं पोर, त्याला एका ओळीत एकच बाजू घ्यायला लावायची!

वाचायला वेळ द्यावा, हा विचार बोर्डाने एके काळी केलाही होता. पेपर अकराला सुरू व्हायचा आणि दहा मिनिटं आधी हातात पडायचा, शांतपणे वाचून काढा म्हणून. पुढे त्या दहा मिनिटांत पेपर मोबाइलवर फिरतोय अशा अफवा उठायला लागल्या आणि २०२३ पासून ती दहा मिनिटं उचलून शेवटी लावण्यात आली. आता वाचायचा वेळ लिहून झाल्यावर मिळतो. भाच्याने त्याचा उपयोग वेबच्या वर्तुळांवर पुन्हा पेन फिरवण्यासाठी केला.

आता ती पाचवी कृती. तुमचं मत.

आमच्याकडे दहावीच्या पोराला मत विचारण्याची पद्धत नाही. शर्ट कुठला घ्यायचा हे आई ठरवते, शाखा कुठली हे बाबा ठरवतात, क्लास कुठला हे शेजारचे ठरवतात. मोठी माणसं बोलत असताना त्याने तोंड घातलं तर “तुला कुणी विचारलं?” हे वाक्य घरात दारामागे टांगल्यासारखं तयार असतं. मराठीत जन्मभर ज्याचं मत कुणी विचारलं नाही, त्याला भर परीक्षेत, अनोळखी शाळेत, अनोळखी बाकावर, पर्यवेक्षक डोक्यावर असताना, बोर्ड अचानक विचारतं : तुम्हाला काय वाटतं? आणि तेही इंग्रजीत सांगा. दोन गुण.

त्या पोराने काय करावं? त्याने गाईडचं मत पाठ केलं. ‘होय, मला तसं वाटतं. अमुक गोष्ट आपल्या जीवनात महत्त्वाची भूमिका बजावते. ती आपल्याला चांगले नागरिक बनवते. म्हणून आपण सर्वांनी ती करावी.’ यात अमुकच्या जागी काहीही घाला. वाचन घाला, पोहणं घाला, आजी घाला. बसतं. मी त्याला म्हटलं, एकदा तरी आपल्या मनातलं लिही. प्रश्न होता, तुम्ही घरकामात आईला मदत करता का? भाच्याने कधी नव्हे ते खरं लिहिलं. नाही, आई करू देत नाही, म्हणते अभ्यास कर. मोठी बहीण करते, तिची बारावी आहे तरी. तीन छोटी वाक्यं, व्याकरण बरोबर. मला तर ते त्याच्या साऱ्या वहीतलं एकमेव जिवंत इंग्रजी वाटलं. क्लासमध्ये त्याचा एक मार्क गेला. शेजारी लाल शाईत शेरा : पॉझिटिव्ह लिहावे.

सरांचंही खोटं नव्हतं. परीक्षकाच्या टेबलावर गठ्ठा पडलेला. दरवर्षी पंधरा-सोळा लाख मुलं बसतात, त्यातली बहुतेक सगळी आईला मदत करतात, सुटीत झाडं लावतात, मोठेपणी खेड्यात दवाखाना काढून गरिबांवर मोफत उपचार करतात. असल्या गठ्ठ्यात एक कार्टं जर ‘नाही’ म्हणालं तर थकलेल्या माणसाला आधी ते वाक्य चुकलंय असंच वाटणार. माझ्या ताईने, म्हणजे त्याच्या आईने, मात्र ती वही वाचली. इंग्रजी तिला जेमतेम येतं, पण ते तीन ओळींचं उत्तर तिने कुणालाही न विचारता लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा आपली ताटली घासताना दिसला. त्याने मला विचारलं, “हे तू सांगितलंस ना तिला?”

परीक्षा झाली. इंग्रजीत मार्क चांगले पडले, सरांच्या क्लासच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो तिसऱ्या रांगेत आला. त्या वर्षी, म्हणजे २०२५ ला, अकरावीचा ऑनलाइन प्रवेश पहिल्यांदाच सगळ्या राज्याला लागू झाला. त्याआधी ही भानगड मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरती होती, तालुक्याच्या गावात कॉलेजात जाऊन फी भरली की प्रवेश. आता फॉर्मचा भाग एक, भाग दोन, दहापर्यंत कॉलेजांची पसंती, फेऱ्या, कोटे. गल्लीतले पालक गांगरले. मी सुट्टी काढून आलो, माहितीपत्रक छापून घेतलं आणि खुर्चीत बसून पहिल्या पानापासून शिस्तीत वाचायला लागलो. मी कोट्यांपर्यंत पोचलो तोवर भाच्याने स्वतःचा आणि आणखी चार मित्रांचे फॉर्म भरून टाकले होते. त्याने माहितीपत्रक उघडलंसुद्धा नव्हतं. फॉर्मने जे विचारलं तेवढंच तो शोधत होता. आधी प्रश्न, मग बोट.

तेव्हापासून गल्लीत त्याचं नाव झालं आहे. कुणाचं विम्याचं पत्र येतं, कुणाच्या मुलाचा दुबईहून काँट्रॅक्ट येतो, कुणाला गॅसचं नाव बदलायचं असतं. मुलगा दारात उभ्याउभ्या कागद घेतो, तारीख, रक्कम, सही कुठे, हे सांगून मोकळा होतो. पैसे घेत नाही, कुणी चिक्की दिली तर घेतो.

गेल्या महिन्यात समोरच्या काकू बँकेचा केवायसीचा फॉर्म घेऊन आल्या. त्याने बघताबघता भरला. नाव, पत्ता, पॅन, आधार, नॉमिनी. मी चष्मा लावून तपासला, चूक नव्हती. सगळ्यात खाली ‘रिमार्क्स, इफ एनी’ असा रकाना होता. दोन ओळींची जागा. तिथे लोक काही लिहीत नाहीत, ती कार्यालयाची जागा असते. भाच्याने ती सुवाच्य अक्षरात काठोकाठ भरली होती : ‘येस, आय थिंक सो. बँक प्लेज अ‍ॅन इम्पॉर्टंट रोल इन अवर लाइफ.’

“हे कशाला लिहिलंस?” मी विचारलं.

“दोन ओळी होत्या ना,” तो म्हणाला. “दोन मार्कांचं असणार.”

काकूंनी विचारलं, काय लिहिलंय? मी सांगितलं. त्यांना ते फार पटलं. त्यांनी त्याखाली सही केली.